योस्टबाबांच्या घरची उचलती भिंत

१

योस्टबाबांच्या घराच्या छतात एक आख्खी भिंत सापडली, आणि त्या भिंतीत पेला सापडला, तेव्हा मी कोर्टात एका डुकरावरून जुंपलेलं दोन शेजाऱ्यांचं भांडण ऐकत होतो. मधल्या सुट्टीत फोन आला. पलीकडे ऑर्व्हिल लाँगनेकर. ऑर्व्हिल आमच्या चर्चच्या मंडळीचा पाळक आणि योस्टबाबांचा पणतू. एरवी प्रार्थनेतसुद्धा त्याचा आवाज चढत नाही, आणि आज हा माणूस चक्क ओरडत होता.

"एझ्रा, सापडला! पेला सापडला!"

"कुठला पेला?"

"कुठला म्हणजे? एनॉस उट्झनं चोरलेला!"

डुकराच्या खटल्याला दुसऱ्या दिवसाची तारीख मागून घेऊन मी गाडी काढली.

ही चोरी आमच्या एल्म फोर्डमध्ये लहान पोरांनाही पाठ आहे. योस्ट लाँगनेकर हे ओहायोच्या या खोऱ्यात आलेले पहिले उपदेशक. पेनसिल्व्हेनियातून बैलगाडीनं आले. बायको बार्बरा, बायबल आणि कथलाचा एक पेला घेऊन. जंगल तोडलं, ओकच्या लाकडाचं घर बांधलं. चर्च उभं राहीपर्यंत आमची मंडळी त्या घरातच जमत असे. १८६३च्या शरदात, प्रेमभोजनाच्या दिवशी, म्हणजे एकमेकांचे पाय धुऊन, एकत्र जेवून प्रभूची भाकर आणि पेला वाटून घ्यायच्या दिवशी, भरल्या घरातून तो पेला नाहीसा झाला. आळ आला योस्टबाबांच्या गड्यावर, एनॉस उट्झवर. उत्तर-दक्षिणेचं युद्ध पेटलेलं होतं. कथलात शिसं मिसळलेलं असतं, आणि शिसं विकत घेणारे खेड्याखेड्यांतून हिंडत होते. आम्ही बंदुकीला हात न लावणारी माणसं. प्रभूच्या पेल्याच्या गोळ्या ओतल्या गेल्या असतील, या विचारानंच लोक हादरले. एनॉसनं गुन्हा कबूल केला नाही, तेव्हा मंडळीनं त्याला वाळीत टाकलं. पुढची पन्नास वर्षं तो तसाच जगला आणि तसाच मेला.

यंदा, म्हणजे १९५५ साली, मंडळीनं ते घर स्मारक म्हणून जसं होतं तसं करायला घेतलं होतं. पंधरा दिवसांवर उद्घाटन आलं होतं.

मी पोचलो तेव्हा बैठकीच्या खोलीत चुन्याचा धुरळा दाटला होता. सुतारांनी छताचा गिलावा खरवडला, तर वर तुळया दिसायच्या जागी फळ्या दिसल्या. ती भिंत होती. बैठक आणि निजायची खोली यांच्या मधली लाकडी भिंत, वरच्या कडेला बिजागऱ्या लावलेली. दोनशे माणसं जमायची त्या दिवशी चौघांनी खालची कड धरून ती बैठकीच्या बाजूला उचलायची आणि तुळयांच्या आकड्यांना अडकवायची. दोन खोल्यांची एक खोली व्हायची. अशा भिंती असतात हे आम्ही ऐकून होतो. योस्टबाबांची भिंत पुढे कधीतरी मोडून जळणाला गेली असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

सुतारांनी खिळे उपटून भिंत हळूहळू खाली घेतली. तिच्यात बसवलेलं एक छोटं कपाट होतं. त्याची लाकडी खिटी सुकून सैल झाली होती. दार आपोआप उघडलं आणि पेला घरंगळत बाहेर आला.

ऑर्व्हिलनं तो दोन्ही हातांत धरला होता. काळा पडलेला, एका बाजूला पोचा आलेला.

"भिंतीत दडवलान," तो म्हणाला. "नंतर गुपचूप विकायचा बेत असणार. जमलं नाही."

स्मारक समितीच्या प्रमुख लाव्हिना पेट्री हातात पेन्सिल घेऊन तयारच होत्या. "फलकावर एक ओळ वाढवू या. 'गड्यानं चोरून भिंतीत लपवलेला पेला ब्याण्णव वर्षांनी सापडला.' कसं वाटतं?"

"लाव्हिनाताई, तिर्झाआत्याला कुणी सांगितलंय का?" मी विचारलं.

 सुतारांनी हातोडे खाली ठेवले. तिर्झा उट्झ ही एनॉसची एकुलती एक मुलगी. वय चौऱ्याऐंशी. ओढ्यापलीकडच्या घरात एकटी राहते, आणि तिच्या खिडकीतून हे घर समोर दिसतं.

२

आत्याला सांगायची गरज नव्हती. आमच्या गावात बातमी माणसापेक्षा आधी ओढा ओलांडते. ती स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत बसली होती. मला बघून तिनं पायानंच खुर्ची पुढे ढकलली.

"ये. बस. वकील झालायस ना तू?"

"लोक तसं म्हणतात."

"मग माझ्या बाबाची केस घे."

"आत्या, आपल्या लोकांत केस करत नाहीत."

"म्हणून तर हरलो आम्ही," आत्या म्हणाली. "दुसरी सुरी घे. सोलता सोलता ऐक."

मी सुरी घेतली. आत्यासमोर रिकाम्या हातानं बसायची सोय नाही.

"बाबा वाळीत होता. म्हणजे त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही. आईनंसुद्धा नाही. आई मंडळीतली, नियम मोडला तर तीही बाहेर. मग तिनं काय केलं, दोन टेबलं जवळ जवळ लावली, मधे बोटभर फट ठेवली, आणि दोन्हींवर मिळून एकच कापड घातलं. बाबा त्या टेबलावर, आम्ही दोघी ह्या. नियम मोडला नाही, आणि परक्या माणसाला काही दिसायचंही नाही. मला दिसायचं. मी पोर होते, कापडाखालून त्या फटीत हात घालून बसायची."

"आई काही बोलायची नाही?"

"आई भांडी जोरात आपटायची."

आत्यानं सालांची पाटी बाजूला सारली.

"मी एकदाच विचारलं त्याला. 'बाबा, पेला तू घेतलास?' म्हणाला, 'नाही.' म्हटलं, 'मग कुणी?' तर उठून गोठ्यात गेला. माझ्या बाबानं आयुष्यात खोटं सांगितलं नाही, एझ्रा. न सांगण्यात मात्र त्याचा हात कुणी धरला नसता."

"तुम्हांला काय हवंय, आत्या?"

"मरायच्या आधी त्या घरात, सगळ्यांच्या देखत, मला ऐकायचंय की एनॉस उट्झ चोर नव्हता. आणि चोर असेल तर तेही ऐकेन. कान शाबूत आहेत अजून. पण हे 'असेल-नसेल' नको. ह्या 'असेल-नसेल'वर मी चौऱ्याऐंशी वर्षं काढली."

मी निघालो तशी तिनं मागून हाक मारली.

"आणि एक गोष्ट सांग, तू शिकलेला आहेस. मी लहान असताना बाबा रोज संध्याकाळी ओढ्यावर जायचा आणि योस्टबाबांना हाताला धरून घरी पोचवायचा. म्हातारा त्याला 'हेन्री' म्हणायचा. ज्यानं आपल्याला वाळीत टाकलं त्याला रोज घरी पोचवायला कोण जातं? आणि हा हेन्री कोण?"

३

त्या दिवशी पेल्याजवळ जाऊ शकतील अशी माणसं चारच होती: योस्टबाबा, त्यांच्या पत्नी बार्बराबाई, टेबलाची व्यवस्था बघणारे डिकन पेट्री, आणि एनॉस. चौघंही केव्हाच मातीआड झालेली. पण डिकन पेट्री आपल्या नातीला, म्हणजे लाव्हिनाताईंना, रोज गोष्टी सांगत, आणि ताईंना त्या शब्दन् शब्द पाठ आहेत. त्या पाठ असल्याचा अभिमानही आहे. मी गेलो तर त्यांनी कॉफी ठेवली, काकवी भरून भाजलेला 'पाय' नावाचा गोड पदार्थ कापला, आणि मला सुरुवातसुद्धा करू दिली नाही.

"आजोबा सांगायचे, सकाळी बार्बराबाईंनी भिंतीतलं कपाट रिकामं केलं. भिंत उचलायच्या आधी ते रिकामं करायचं, नाहीतर सामान आतल्या आत फुटतं. पेला एरवी त्या कपाटातच असायचा. बाईंनी तो पुसला आणि योस्टबाबांच्या हातात दिला. हे आजोबांनी डोळ्यांनी बघितलं."

"किती वाजता?"

"आता ते काय घड्याळ लावून बसले होते? दुपारच्या आधी. मग ते रस्स्याच्या हंड्यांकडे गेले."

"एनॉस कुठे होता?"

"दिवसभर अंगणात. पाहुण्यांच्या घोड्यांना नाल मारत होता. तो आत आला तो थेट भिंत उचलायला. बार्बराबाईंनी त्याला दारातच अडवलं, 'घोड्यांना लावलेले हात धुऊन ये आधी' म्हणून. मग चौघांनी भिंत उचलली. आजोबा एका कडेला, एनॉस दुसऱ्या."

"नंतर?"

"नंतर टेबलं लावली. एनॉस पाय धुवायचे टब आणि पाण्याच्या बादल्या घेऊन टेबलाजवळून ये-जा करत होता. संध्याकाळी भाकर मोडायची वेळ आली, तर पेला नाही! आजोबांच्या पायाखालची जमीनच सरकली. साध्या काचेच्या भांड्यातून सगळ्यांनी द्राक्षारस घेतला. दुसऱ्या दिवशी सभा बसली. योस्टबाबा म्हणाले, 'भिंत वर गेल्यावर मी माझ्या हातानं पेला टेबलावर ठेवला.' आणि त्यानंतर टेबलाजवळून एनॉसशिवाय कुणी फिरकलंच नव्हतं. झालं! आणखी काय पुरावा हवा?"

"एनॉस काय म्हणाला?"

"'मी घेतला नाही.' एवढंच. मग योस्टबाबांकडे बघत राहिला आणि गप्प झाला. परत तोंड उघडलं नाही त्यानं. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का हो?"

"भिंतीत शोधलं नाही कुणी?"

लाव्हिनाताईंनी कपबशी खाली ठेवली. माझ्याकडे त्यांनी अशा काही नजरेनं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली होती.

"भिंतीत कशाला शोधतील? योस्टबाबा म्हणालेत ना, टेबलावर ठेवला म्हणून. आपल्यात शपथ घेत नाहीत, एझ्रा. 'हो' म्हणजे हो. त्यांचा शब्द पडताळायचा म्हणजे त्यांना खोटं ठरवणं."

मी पायचा शेवटचा तुकडा खाल्ला आणि उठलो. दाराशी त्यांना आणखी आठवलं.

"त्याच्या मनात पाप होतं याची खूण आजोबांना आधीच दिसली होती बरं का. भिंत अर्ध्यावर आली असताना एनॉस मधेच थबकला. कान टवकारून उभा राहिला. आजोबा म्हणाले, 'काय झालं?' तर म्हणाला, 'उचला.' त्याचं मन त्याला खात होतं, दुसरं काय!"

मी गाडीत जाऊन बसलो, पण किल्ली फिरवली नाही. नातीला गोष्ट पाठ होती आणि उत्तर त्या गोष्टीतच होतं. ते मला नीटसं धरता येत नव्हतं, एवढंच.

४

दुसऱ्या दिवशी मी सुतारांना आणि ऑर्व्हिलला योस्टबाबांच्या घरी थांबवून घेतलं.

"ऑर्व्हिल, पेला कपाटात ठेव. खिटी लाव. आता तुम्ही चौघं भिंत उचला. मी मधे उभा राहतो."

"तू काय खेळ मांडलायस?"

"उचल रे."

भिंत कुरकुरत वर निघाली. अर्ध्यावर आली आणि माझ्या डोक्यावर, फळ्यांच्या आत, काहीतरी घरंगळलं. घर्र करत गेलं आणि एनॉस जिथे उभा असेल त्या कडेला ठक्कन आपटलं. ऑर्व्हिलचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आता आकड्यांना अडकवा. ऑर्व्हिल, शिडीवर चढ आणि कपाट उघडून पेला काढून दाखव."

तो चढला. चाचपडला. खाली उतरला. "निघत नाही. कपाटाचं दार वरच्या अंगाला गेलंय, तुळयांना चिकटलंय. बोटसुद्धा जात नाही."

"मग ठेवता येईल का?"

"निघत नाही तिथे ठेवणार कसं?"

"म्हणजे पेला आत गेला तो भिंत खाली असताना. भिंत वर जायच्या आधी."

 हुशार आहे ऑर्व्हिल, पण पणजोबांच्या बाबतीत त्याची हुशारी जरा उशिरानं येते. मी विषय बदलला.

"मला योस्टबाबांच्या गोष्टी सांग. त्या, उद्घाटनाला सांगणार आहेस त्या."

त्याचा चेहरा लगेच उजळला. त्यानं सांगितलं की, एकदा योस्टबाबांनी लागोपाठ दोन रविवारी तेच प्रवचन दिलं, शब्द न बदलता, कारण लोकांनी पहिल्यांदा ते नीट मनावर घेतलं नव्हतं. एकदा ते एका दफनाला आदल्या आठवड्यात जाऊन आले होते, तरी परत घोड्यावरून गेले आणि थडग्यापाशी एकटेच प्रार्थना करत बसले. एवढं त्यांचं मेलेल्यांवर प्रेम. म्हातारपणी रोज संध्याकाळी ओढ्यावर जाऊन ध्यान लावायचे, इतके की घरी यायचं भान राहत नसे.

"आणि हेन्री कोण?"

"हेन्री? त्यांचा थोरला मुलगा. लहानपणीच पटकीनं गेला. का?"

"काही नाही. ह्या गोष्टी कधीच्या? प्रवचनाची, दफनाची?"

"युद्धाच्या सुमाराच्या," ऑर्व्हिल म्हणाला आणि मग थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू मावळला. "एझ्रा, तुला काय म्हणायचंय?"

"अजून काही नाही. ते खिळे दाखव."

भिंतीतून उपटलेले खिळे पत्र्याच्या डब्यात होते. चपट्या मानेचे, निमुळते. शेतावर वाढलेल्या कुणालाही ओळखू येतील.

"नालाचे आहेत," ऑर्व्हिल म्हणाला.

"फलकावर तुम्ही काय लिहिलंय? 'त्या दिवसानंतर योस्टबाबांनी भिंत पुन्हा खाली घेतली नाही. देवाच्या घरात आडोसा कशाला, असं ते म्हणत.' बरोबर? आता मला सांग, भिंत आकड्यांवर मजेत टांगलेली आहे. माणसाला ती खाली घ्यायची नसेल तर घेऊ नये. आपल्याच घरात आपल्याच भिंतीला खिळे कोण ठोकतं? दुसऱ्या कुणी ती खाली घेऊ नये, अशी भीती ज्याला आहे तोच ठोकतो."

ऑर्व्हिलनं डबा माझ्या हातातून घेतला आणि खिडकीत नेऊन ठेवला. बराच वेळ तो पलीकडच्या तीरावरच्या घराकडे बघत उभा राहिला.

"हे आधी तिला सांग," तो म्हणाला. "मग आम्हांला."

५

आत्या अंगणात होती. मुरंब्याची कढई चुलाण्यावर रटरटत होती आणि ती लांब दांड्याच्या लाकडी पळीनं ढवळत होती. ढवळणं थांबवलं की मुरंबा करपतो, म्हणून मला तिच्या पाठीशी बोलावं लागलं.

"आत्या, चोरी झालीच नव्हती."

पळी फिरत राहिली.

"बार्बराबाईंनी पेला पुसून योस्टबाबांच्या हातात दिला, तेव्हा तुमचे बाबा अंगणात होते; भिंत उचलेपर्यंत ते आत आलेच नाहीत. एरवी पेल्याची जागा भिंतीतल्या कपाटात. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी तो उचलून सवयीनं कपाटात ठेवून दिला आणि खिटी लावली. मग विसरले. दुसऱ्या दिवशी सभेत म्हणाले की भिंत वर गेल्यावर टेबलावर ठेवला. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं आठवत होतं. मी रोज कोर्टात बघतो, आत्या. खोटं बोलणारे थोडे असतात. चुकीचं आठवणारेच फार. पण आपल्या लोकांना ह्यातला फरकच ठाऊक नाही. आपल्याकडे शब्द एक तर खरा, नाहीतर पाप."

"म्हातारा विसरभोळा झाला होता."

"विसरभोळेपणाच्या पलीकडे गेला होता. तेच प्रवचन दोनदा, तेच दफन दोनदा. आपण त्याचं साधुत्व करून ठेवलं. ओढ्यावर ते ध्यान लावत नव्हते. त्यांना घरचा रस्ता सापडत नव्हता. आणि तुमच्या बाबांना ते आपला मेलेला मुलगा समजत होते."

"आणि बाबा?"

इथे मला जरा थांबावंसं वाटलं. पण तिनं 'असेल-नसेल' नको म्हणून सांगितलं होतं.

"भिंत उचलताना पेला त्यांच्या कडेला येऊन आपटला. त्यांनी ऐकलं. तेव्हा वाटलं असेल, काहीतरी भांडं राहिलंय. दुसऱ्या दिवशी सभेत योस्टबाबा 'माझ्या हातानं टेबलावर ठेवला' म्हणाले, तेव्हा त्यांना सगळं कळलं. ते म्हाताऱ्याकडे बघत राहिले आणि गप्प झाले. बोलले असते तर भरल्या सभेत, बाहेरगावच्या पाळकांसमोर, सिद्ध झालं असतं की योस्ट लाँगनेकरचं डोकं चालत नाही आणि त्यानं निरपराध माणसावर आळ घेतला. त्याच दिवशी त्यांना उपदेशकपदावरून उतरवलं असतं. म्हणून तुमच्या बाबांनी भिंतीला खिळे ठोकले. स्वतःच्या पिशवीतले, नालाचे. बार्बराबाईंना कळलं नसेल असं मला वाटत नाही. 'आडोसा कशाला' ही गोष्ट त्यांनीच पसरवली असणार, पण ते मी सिद्ध करू शकत नाही."

पळी थांबली.

"म्हणजे त्याला माहीत होतं."

"हो."

"पहिल्या दिवसापासून."

"सभेपासून."

"एक वाक्य, एझ्रा!" आत्या वळली. तिचा चेहरा चुलाण्यानं लाल झाला होता, आणि रागानंही. "'भिंतीत बघा.' एवढं एकच वाक्य त्याला बोलायचं होतं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. तो बोलला असता तर मी एका टेबलावर जेवून मोठी झाले असते."

"त्यांना वाटलं असेल, म्हातारा किती दिवस काढणार. एक-दोन हिवाळे."

"सोळा वर्षं जगला."

"आणि मग मेलेल्या माणसावर बोट कोण दाखवणार? तोवर योस्टबाबांच्या धाकट्या मुलानं छताला गिलावाही करून घेतला होता."

करपल्याचा वास आला. मी तिच्या हातातून पळी घेतली आणि ढवळायला लागलो. आत्या ओट्यावर बसली. मी तिला असं बसलेलं आधी कधी बघितलं नव्हतं.

"आत्या, मी हे सांगितलं तर तुमच्या बाबांचं नाव धुऊन निघेल. पण त्यांनी जन्मभर जे झाकलं ते मी उघडं केलेलं असेल. तुम्ही नको म्हणालात तर मी ती चोरीची ओळ गुपचूप काढून टाकायला लावीन. ऑर्व्हिल ऐकेल. कुणाला काही कळणार नाही."

"मंडळीची सभा कधी?"

"शनिवारी. त्या घरातच."

"मला तिथे ने," आत्या म्हणाली. मग उठून तिनं पळी माझ्या हातातून परत घेतली.

६

शनिवारी भिंत वर होती आणि घर भरलं होतं. पुढच्या बाकावर लाव्हिनाताई आणि त्यांची समिती. मी आत्याला हाताला धरून आणलं, तेव्हा लोकांनी वाट करून दिली. काय होणार आहे हे मलाही माहीत नव्हतं.

ऑर्व्हिलनं प्रार्थना केली. मग आत्या जागेवरूनच म्हणाली, "एझ्रा, सांग. सगळं सांग."

मी सांगितलं.  ऑर्व्हिलला ते भिंतीपाशीच उमगलं होतं, पण सगळ्यांसमोर शब्दांत ऐकणं त्याला जास्त जड गेलं. मी संपवल्यावर तो उभा राहिला.

"हे खरं आहे," तो म्हणाला. "मी भिंत स्वतः उचलून बघितली. माझ्या पणजोबांच्या शब्दावर एक माणूस पन्नास वर्षं वाळीत राहिला. त्यांच्या वतीनं मी क्षमा मागतो, तिर्झाआत्या."

लाव्हिनाताई रडत होत्या. आजोबांची गोष्ट इतकी वर्षं त्या सांगत आल्या होत्या. "वाळीत टाकल्याचा तो ठराव आत्ताच्या आत्ता रद्द करा," त्या म्हणाल्या.

ऑर्व्हिल घुटमळला. त्याची अडचण मला कळत होती. मंडळीनं एकमतानं वाळीत टाकलेला माणूस परत घेण्याची आमच्यात एकच वाट आहे. त्यानं सभेपुढे चूक कबूल करायची, आणि ज्याच्याविरुद्ध ती झाली त्यानं क्षमा करायची. निर्दोष माणसासाठी आमच्याकडे वाटच नाही. एनॉस पन्नास वर्षं बाहेर राहिला तो त्यामुळेच. न केलेलं कबूल करणं म्हणजे खोटं बोलणं.

"नियमाप्रमाणे कबुली लागते," ऑर्व्हिल शेवटी म्हणाला. "आणि त्याच्याकडे कबूल करण्यासारखं काही नव्हतं."

"होतं," आत्या म्हणाली.

ती काठी न घेता उभी राहिली. मी हात पुढे केला तर तिनं झिडकारला.

"चोरीची कबुली नाही. चोर नव्हता तो. त्यानं एका म्हाताऱ्याची लाज राखली, त्याचा मला अभिमान आहे. हे आधी सांगते, म्हणजे नंतर कुणी विसरायला नको. पण त्याची किंमत त्यानं एकट्यानं दिली नाही. माझ्या आईनं दिली. मी दिली. आमच्या घरात चांगुलपणा त्यानं केला आणि शिक्षा तिघांनी भोगली, आणि त्यातल्या दोघींना का ते कधी सांगितलंही नाही. गप्प राहायचं त्यानं ठरवलं. आम्हांला कुणी विचारलं होतं? तो आमच्यापाशी चुकला. एनॉस उट्झ मंडळीपाशी नाही, बायकोपाशी आणि मुलीपाशी चुकला. ही त्याची कबुली. तो गेला, म्हणून त्याची मुलगी म्हणून मी देते. लिहून घ्या, नाहीतर नका घेऊ. ऐकलीत ना?"

"ऐकली," ऑर्व्हिल म्हणाला.  मग त्यानं पाळकानं विचारायचं ते विचारलं, कारण दुसरं विचारण्यासारखं काही नव्हतं. "ज्यांच्याविरुद्ध चूक झाली, त्यांनी क्षमा करायची असते. आत्या, तुम्ही करता?"

आत्यानं मान वर करून छताला टांगलेल्या भिंतीकडे पाहिलं. मला वाटलं ती बसेल, किंवा मला घरी ने म्हणेल.

"आईच्या वाट्याची मला करता येत नाही," ती शेवटी म्हणाली. "ती तिनं करायची. भांडी आपटून झाली असतील तर केलीही असेल." मग तिनं श्वास घेतला. "माझ्या वाट्याची करते."

ऑर्व्हिलनं सभेला विचारलं, एनॉस उट्झला परत घ्यायचं का. सगळे एकदमच 'हो' म्हणाले. आत्या खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. आम्ही तिला रडू दिलं.